गिबोनला जाताना शलमोनाने घरी काय ठेवले

(मंडळ्यांच्या पुढाऱ्यांसाठी झालेल्या शिबिरातील व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधूंनो आणि भगिनींनो, मला विषय दिला तो असा : तडजोडी केलेल्या पुढाऱ्याने देवाकडे ज्ञान कसे मागावे. विषय ठरवताना समोर कोण बसणार याचा संयोजकांनी नीट विचार केलेला दिसतो. (हशा) पाळक आहेत, पंचमंडळातले वडील आहेत, शाळांचे मुख्याध्यापक आहेत, ट्रस्टचे सेक्रेटरी आहेत. ज्याच्या कमरेला किल्ल्या आणि ज्याच्या सहीला किंमत, त्याला तडजोड म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. म्हणून व्याख्या वगैरे न करता थेट १ राजे, तिसरा अध्याय उघडू या.

हा अध्याय आपण शब्बाथ शाळेत शिकलो. तरुण राजा शलमोन गिबोन गावी झोपला आहे, देव स्वप्नात येऊन म्हणतो, हवे ते माग. शलमोन धन मागत नाही, शत्रूंचा जीव मागत नाही, ज्ञान मागतो. देव खूश होतो. मग दोन बायका आणि एक बाळ, तलवार, आणि घंटा. आपल्या आठवणीतला शलमोन गिबोनला जन्माला येतो आणि म्हातारपणी एकदम बिघडतो. मधली चाळीस वर्षे गाळलेली. आणि गिबोनच्या आधीचे तर काहीच नाही.

पण लेखकाने हा अध्याय स्वप्नापासून सुरू केलेला नाही. पहिलेच वचन फारोच्या मुलीबद्दल आहे. शलमोनाने मिसरच्या राजाशी सोयरीक केली आणि त्याची मुलगी दावीदपुरात आणून ठेवली. दुसरे वचन सांगते की लोक उच्च स्थानी, म्हणजे टेकड्यांवरच्या वेद्यांवर, यज्ञ करत होते, कारण मंदिर अजून बांधलेले नव्हते. तिसऱ्या वचनात शलमोनाची परमेश्वरावर प्रीती होती हे सांगितले आहे, आणि त्याच दमात सांगितले आहे की तोही उच्च स्थानी यज्ञ करी. स्तुती आणि उणीव एकाच वाक्यात. स्वप्न येते ते यानंतर, पाचव्या वचनात. गिबोनला जाणारा माणूस कोरा नाही, हे वाचकाने आधी पाहावे म्हणून ही मांडणी आहे, असे मला वाटते.

उच्च स्थानांची गोष्ट थोडी समजून घेऊ, कारण तिथली तडजोड मोठी सभ्य आहे. एकाच ठिकाणी उपासना करा, असे मोशेच्या नियमशास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात सांगितलेले. पण परिस्थिती अशी होती की कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांची पवित्र पेटी, यरुशलेमात शलमोनाच्या बापाने, दाविदाने, उभारलेल्या तंबूत, आणि मोशेच्या काळचा दर्शनमंडप व पितळी वेदी गिबोनला. २ इतिहासाच्या पहिल्या अध्यायात हे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे वेदी एका गावी, कोश दुसऱ्या गावी. शलमोन तिथे मूर्तिपूजा करायला गेला नव्हता, परमेश्वरालाच हजार होमार्पणे करायला गेला होता. सगळेच करतात, पर्यायी सोय नाही, मंदिर झाले की बघू. आपल्या मीटिंगच्या इतिवृत्तात शोभेल असे कारण आहे. खोटे नाही, आणि पुरेसेही नाही.

आता मागचा, दुसरा अध्याय चाळा. तिथे रक्त आहे. अदोनीया, सावत्र भाऊ, ज्याने बापाच्या हयातीतच स्वतःला राजा म्हणवून घेतले होते, तो अबीशग शुनेमकरणीला, म्हणजे म्हाताऱ्या दाविदाची सेवा केलेल्या तरुणीला, बायको म्हणून मागतो. तेही स्वतः नाही, शलमोनाच्या आईच्या, बथशेबेच्या तोंडून. शलमोनाच्या हुकमाने बनाया जाऊन त्याला ठार करतो. अब्याथार याजकाची अनाथोथला रवानगी होते. दाविदाचा सेनापती यवाब वेदीची शिंगे धरून बसलेला असताना तिथेच मारला जातो. दाविदाला एकेकाळी शिव्याशाप दिलेल्या शिमीला यरुशलेमाबाहेर पाऊल टाकू नको म्हणून बजावलेले असते. तीन वर्षांनी पळालेले चाकर आणायला तो गथला जातो, आणि परतल्यावर संपतो. प्रत्येक प्रकरणात कारण आहे. यवाबाच्या हाताला दोन सेनापतींचे रक्त होतेच, शिमीने वचन मोडले होतेच, आणि मरताना दाविदाने या दोघांची नावे घेऊन ठेवली होती. फाइल पूर्ण आहे, सह्या आहेत. अध्यायाचे शेवटचे वाक्य सांगते की याप्रमाणे राज्य शलमोनाच्या हाती दृढ झाले. ‘याप्रमाणे’ म्हणजे कसे, हे आपण नुकतेच वाचले.

आणि आणखी एक गोष्ट, जी वाचताना सहसा निसटते, कारण ती अकरा अध्याय पुढे आहे. १ राजे १४:२१. शलमोनाचा मुलगा रहबाम राजा झाला तेव्हा तो ४१ वर्षांचा होता, त्याच्या आईचे नाव नामा, ती अम्मोनीण होती. आता ११:४२ बघा. शलमोनाने ४० वर्षे राज्य केले. ४१ वजा ४०. शलमोन गादीवर बसला तेव्हा घरात अम्मोनी बायको होती आणि रांगणारे किंवा पावले टाकणारे पोर होते. गिबोनच्या वेदीपुढे ‘मी लहान मूल आहे, मला काही कळत नाही’ म्हणणारा हा माणूस बाप झालेला होता.

इथे एक गैरसमज होईल म्हणून थांबतो. परदेशी बायको केली हे पाप, असे मी म्हणत नाही. रूथ मवाबीण होती, आणि शलमोनाच्या आजोबांची, इशायाची, ती आजी. नामी म्हणजे सासू, तिला ती म्हणाली की तुझा देव तो माझा देव. तिच्यासाठी पवित्र शास्त्रात स्वतंत्र पुस्तक आहे. प्रश्न बाईच्या जातीचा नाही. प्रश्न तहाचा आहे. त्या काळी राजे मुलगी देत तेव्हा तिच्याबरोबर तिच्या देशाशी झालेला करार येई, तिचा लवाजमा येई आणि तिचे दैवतही येई. नामेचे लग्न दावीद जिवंत असतानाच झाले, म्हणजे बापाच्या घरात, बापाच्या राजवटीत. शलमोनाची एक तडजोड तर वारसाने आलेली. तुमच्यातले जे नव्याने सेक्रेटरी झालेत त्यांना हे लगेच कळेल. खुर्चीबरोबर कपाटही मिळते, आणि कपाटात आधीच्या माणसाने काय काय ठेवले आहे ते पहिल्या आठवड्यात दिसत नाही.

आता गिबोन. यरुशलेमाच्या वायव्येला साधारण दहा किलोमीटरवर. आज तिथे एल-जीब नावाचे गाव आहे. १९५०च्या दशकात तिथे उत्खनन झाले, खडकात कोरलेला मोठा पाण्याचा हौद सापडला आणि गिबोन हे नाव कोरलेल्या घड्यांच्या मुठी सापडल्या. जागा पक्की आहे. आणि या जागेची कुंडली बघा. यहोशवाच्या ९व्या अध्यायात गिबोनकर फाटके कपडे, जुनी पायताणे, शिळ्या भाकरी घेऊन आले, आम्ही फार लांबून आलो म्हणाले, आणि इस्राएलाच्या वडिलांनी परमेश्वराला न विचारता करार केला. फसवून झालेला करार! पण झाला म्हणून पाळला. पुढे दाविदाच्या आधीच्या राजाने, शौलाने, तो मोडून गिबोनकरांची कत्तल केली, त्याची किंमत म्हणून शौलाच्या घराण्यातले सात जण दाविदाच्या काळात फाशी गेले. गिबोनच्या तळ्याकाठी यवाबाच्या आणि शौलाचा सेनापती अबनेर याच्या माणसांनी एकमेकांच्या कुशीत तलवारी खुपसल्या. गिबोनच्या मोठ्या शिळेजवळच यवाबाने अमासा या सेनापतीला, त्याची दाढी धरून, मुका घेण्याच्या निमित्ताने मारले. असे हे गाव. इथे देवाला न विचारता सह्या झाल्या आणि इथेच माणसे मेली.

या गावात, त्या माणसाला, देव दिसतो. आणि पहिले वाक्य काय उच्चारतो? माग. फारोच्या मुलीचे आधी काय करतोस ते सांग, असे म्हणत नाही. अदोनीयाचा हिशेब दे, म्हणत नाही. उच्च स्थानावरून खाली ये, मग बोलू, असेही नाही.

माझ्या भाषणाचा पहिला अर्धा भाग एवढाच आहे, आणि तो मी घाईने सोडणार नाही, कारण आपल्या मंडळ्यांत नेमकी उलटी शिकवण मुरलेली आहे. आधी शुद्ध व्हा, मग तोंड उघडा. त्यामुळे होते काय, की पुढारी प्रार्थना करणे सोडत नाही, उपासनेत तर तोच प्रार्थना चालवतो, पण स्वतःच्या कामाबद्दल विचारणे सोडतो. शाळेतल्या भरतीत एक नाव वरून आले आणि त्याने ते घातले. त्यानंतर भरतीच्या बाबतीत देवाला विचारायची त्याला लाज वाटू लागते. मग तो त्या खात्यात स्वतःच्या हुशारीवर चालतो. एका सहीपाठी संपूर्ण खाते प्रार्थनेबाहेर जाते. याकोब आपल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात लिहितो की कोणाला ज्ञान उणे असेल तर त्याने देवाकडे मागावे, तो सर्वांना उदारपणे देतो आणि दोष लावत नाही. दोष लावत नाही, हे मागणाऱ्याला आधीच सांगून ठेवले आहे. कारण याकोबाला ठाऊक होते की ज्ञान मागायची वेळ बहुतेकदा काहीतरी करून बसल्यावरच येते.

तेव्हा गिबोनला जा. आहात तसे जा. हजार होमार्पणे नसली तरी चालेल.

आता दुसरा भाग, आणि हा जरा कडू आहे.

त्या रात्रीची प्रार्थना नीट वाचा. सहावे वचन ते नववे. आधी कृतज्ञता : माझ्या बापावर तू मोठी दया केलीस. मग स्वतःचे लहानपण : मी बालक आहे, बाहेर कसे जावे आत कसे यावे हे मला कळत नाही. लोकांपुढे चालणे आणि त्यांना परत आणणे, तेही जमत नाही असा अर्थ. मग लोकांचे मोठेपण : मोजता येणार नाहीत इतके आहेत. आणि मग मागणी : या तुझ्या लोकांचा न्याय करायला, बरे आणि वाईट ओळखायला मला ऐकणारे मन दे. हे ढोंग होते असे मला वाटत नाही. ढोंगाला देव फसला नसता. ही खरी, नम्र, सुरेख प्रार्थना आहे. आमच्याकडे पंचमंडळाच्या बैठकीच्या आधी म्हटल्या जातात त्यांतल्या बहुतेक प्रार्थनांपेक्षा कितीतरी चांगली.

पण तिच्यात काय नाही तेही बघा. अदोनीया नाही. यवाबाचे रक्त नाही, तेही वेदीजवळ सांडलेले. फारोशी केलेला तह नाही. नामा नाही. बापाच्या चुका नाहीत. दावीद सत्याने आणि धार्मिकतेने चालला एवढेच आहे, आणि बोलतो आहे कोण, तर जिच्यासाठी दाविदाने तिच्या नवऱ्याला मारवले त्या बथशेबेचा मुलगा! तो गिबोनला गेला तेव्हा हे सगळे यरुशलेमात घरी ठेवून गेला. देवाने विचारले नाही, आणि त्याने सांगितले नाही.

त्याने ज्ञान मागितले ते लोकांचा न्याय करण्यासाठी. नेमके तेच त्याला मिळाले. स्वतःचा न्याय व्हावा असे त्याने मागितले नव्हते. सबंध गोष्ट माझ्या मते या एका जागेवर फिरते.

मिळालेले ज्ञान खरे होते, याचा पुरावा लगेच पुढे आहे. दोन वेश्या राजापुढे येतात. वकील नाही, नवरा नाही, साक्षीदार नाही, ओळखपाळख नाही. एका घरात राहणाऱ्या, एकीचे बाळ रात्री अंगाखाली येऊन मेले. त्या काळात अशा दोघींची दाद राजापर्यंत पोहोचते, आणि राजा दोघींचे बोलणे शब्दाला शब्द ऐकून घेतो, निकाल देण्याआधी ते पुन्हा म्हणून दाखवतो, ही निवाड्याइतकीच मोठी गोष्ट आहे. मग तो तलवार मागवतो. मागच्या अध्यायात तलवार निघाली ती कापल्याशिवाय म्यानात गेली नाही. इथे निघाली आणि कोणालाही न लागता खरी आई दाखवून गेली. गिबोनच्या रात्रीने त्या माणसात काय बदलले ते लेखकाने एका शस्त्रावर दाखवले आहे. ज्ञान परिणामकारक होते. दुसऱ्याच्या घरातल्या भांडणात ते लख्ख चालत होते.

स्वतःच्या घरात?

२ इतिहास ८:११. मंडळींत या वचनावर उपदेश झालेला मी ऐकलेला नाही, आणि झाला पाहिजे. शलमोन फारोच्या मुलीला दावीदपुरातून काढून तिच्यासाठी बांधलेल्या वेगळ्या वाड्यात नेतो. कारण स्वतः सांगतो : माझ्या बायकोने दाविदाच्या घरात राहू नये, कारण परमेश्वराचा कोश जिथे जिथे आला त्या जागा पवित्र आहेत.

म्हणजे त्याला कळत होते! काहीतरी विसंगत आहे, एका छताखाली बसत नाही, हे त्याला दिसत होते. देवाने दिलेले, बरे-वाईट ओळखणारे मन अगदी ठीक काम करत होते. मग त्याने त्या मनाचे काय केले? विसंगतीबद्दल देवाशी बोलला नाही. तोडगा काढला. पत्ता बदलला. कोश इकडे, राणी तिकडे, दोघांचा मान राखला, कोणी दुखावले नाही. उत्तम प्रशासन. आपण ज्याला ‘मार्ग काढणे’ म्हणतो तो हाच.

अज्ञानी पुढाऱ्याची तडजोड उघडी पडते, कारण त्याला ती नीट झाकता येत नाही. शहाण्या पुढाऱ्याची तडजोड वर्षानुवर्षे टिकते. तो तिला स्वतंत्र इमारत बांधून देतो, तिचे स्वतंत्र खाते उघडतो, तिच्यासाठी ठरावात योग्य शब्द शोधतो. देवाने दिलेलीच अक्कल त्या कामाला लागते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती शलमोनाला मी लावणार नाही. तो कोरडा नव्हता. त्याने सांगितलेली नीतिसूत्रे तीन हजार आणि गीते एक हजार पाच, आणि ती पोकळ होती असे कोणी म्हणणार नाही. ज्ञान आत होते. एका खोलीला मात्र त्याने कुलूप घातले होते, आणि किल्ली स्वतःकडेच ठेवली होती.

पुढचा कारभार मी भराभर सांगतो. बारा अधिकारी नेमले, प्रत्येकाने वर्षातला एक महिना राजवाड्याला अन्न पुरवायचे. त्या बारातले दोघे राजाचे जावई. (हशा) हसू नका, चौथा अध्याय, ११वे आणि १५वे वचन. लबानोनात लाकूड तोडायला तीस हजार वेठबिगार, दहा-दहा हजारांच्या पाळ्या. ओझी वाहणारे सत्तर हजार, डोंगरात दगड फोडणारे ऐंशी हजार. सोरेच्या हीराम राजाला गालीलातली वीस गावे दिली. त्याने पाहिली आणि नाक मुरडले. मंदिराला सात वर्षे, राजवाड्याला तेरा, यावर तुम्ही सगळ्यांनी उपदेश केलेत, मी करत नाही. अनुवादाच्या १७व्या अध्यायात राजाने करू नयेत म्हणून तीन गोष्टी सांगितल्या आहेत : घोडे फार वाढवू नयेत आणि त्यासाठी मिसराकडे जाऊ नये, बायका फार करू नयेत, सोनेरुपे फार साठवू नये. १ राजे १०व्या अध्यायात वर्षाला ६६६ किक्कार सोने आहे, १,४०० रथ आणि १२,००० स्वार आहेत, घोडे मिसरातून येत आहेत. ११व्यात बायका आहेत. तिन्ही झाले. त्याच १७व्या अध्यायात राजाने नियमशास्त्राची नक्कल करून ती जन्मभर वाचावी असेही सांगितले आहे, म्हणजे त्याचे मन आपल्या भाऊबंदांहून वर चढणार नाही. तीन हजार सूत्रे सांगणाऱ्या राजाने ती नक्कल केली, असे कुठे लिहिलेले सापडत नाही.

आणि आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची उणीव. १ राजे वाचताना संदेष्टे मोजत जा. पहिल्या अध्यायात नाथान आहे, शलमोनाला गादीवर बसवण्याच्या धावपळीत. त्यानंतर अकराव्या अध्यायात अहीया येईपर्यंत शलमोनापुढे उभा राहून बोलणारा एकही संदेष्टा नावानिशी दिसत नाही. देव बोलला. गिबोनला बोलला, मंदिर बांधताना त्याचे वचन आले, मंदिर झाल्यावर तो दुसऱ्यांदा दिसला आणि स्पष्ट ताकीद दिली. देव गप्प नव्हता. माणूस कोणी नव्हता. दाविदाचे पाप शलमोनाच्या कोणत्याही तारुण्यातल्या पापाहून भयंकर होते, पण दाविदाकडे नाथान आत येऊ शकत होता, बोट दाखवून ‘तो माणूस तूच’ म्हणू शकत होता, आणि जिवंत बाहेर पडू शकत होता. शलमोनाकडे अहीया गेलाच नाही. तो वाटेत यराबामाला भेटला, नव्या झग्याचे बारा तुकडे केले आणि दहा त्याच्या हातात दिले, म्हणजे बारातल्या दहा वंशांचे राज्य त्याचे होणार. शलमोनाला ते कळले तेव्हा त्याने काय केले? यराबामाला मारायचा प्रयत्न केला. ऐकणारे मन मागितलेला राजा!

यराबामाची निवडही शलमोनाचीच, बरे का. त्या तरुणाचे काम पाहून त्यानेच त्याला योसेफाच्या घराण्यातल्या वेठबिगारीवर नेमले होते. माणूस पारखण्याची नजर शेवटपर्यंत शाबूत होती. पण त्या वेठबिगारीखाली माणसे कशी कण्हत होती ते ऐकू आले नाही. दोन निराधार बायकांचे ऐकणाऱ्या राजापर्यंत दहा वंशांचे गाऱ्हाणे पोहोचले नाही. ते त्याच्या मरणानंतर शखेमात बाहेर पडले : तुझ्या बापाने आमचे जू भारी केले. तिथे रहबामाने वडीलधाऱ्यांना विचारले, आणि शास्त्र मुद्दाम सांगते की हे वडील शलमोनाच्या हयातीत त्याच्यापुढे उभे राहत असत. त्यांचा सल्ला अप्रतिम आहे. आज या लोकांचा सेवक हो, म्हणजे ते कायमचे तुझे सेवक होतील. मला नेहमी प्रश्न पडतो, हे यांनी शलमोनाला कधी सांगितले होते का? सांगितले असेल तर वाया गेले. सांगितले नसेल तर इतक्या शहाण्या राजापुढे बोलायची त्यांची छाती झाली नसेल. पुढारी फार हुशार असला की भोवतीची माणसे मुकी होतात, हे तुम्ही आपल्या आपल्या कमिट्यांत पाहिले असेल.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. मंदिराच्या समर्पणाच्या वेळी, आठव्या अध्यायात, शलमोनाने गुडघे टेकून, हात आकाशाकडे पसरून केलेली प्रार्थना पापाच्या कबुलीनेच भरलेली आहे. दुष्काळ पडला, शत्रूने हरवले, बंदिवासात नेले, आणि त्यांनी पश्चात्ताप केला तर क्षमा कर. पाप करत नाही असा कोणी मनुष्यच नाही, हे वाक्य त्याचेच. आणि शेवटी तो ‘आमची मने तुझ्याकडे वळव’ असेही म्हणतो. त्या ‘आमची’मध्ये तोही आला. हे मान्य करायलाच हवे. पण सबंध प्रार्थनेत पापे लोकांची आहेत, किंवा मनुष्यमात्राची. माझी, आणि अमुक एक, असे कुठेही नाही. व्यासपीठावरून सर्वांच्या वतीने पापकबुली देणे आपल्याला सोपे जाते. मी वर्षानुवर्षे ते करतो आहे.

मग कसे मागावे? मला शलमोनाच्या जोडीला दुसरा एक पुढारी ठेवायचा आहे, सुमारे पाचशे वर्षांनंतरचा. नहेम्या. पर्शियाच्या राजाचा प्यालेबरदार. तोही तडजोडीच्या खुर्चीवरच, परक्या राजाच्या दरबारात, त्याचा द्राक्षारस चाखून देणारा. यरुशलेमाची भिंत पडली आहे हे कळल्यावर तो बसून रडतो, उपास करतो, आणि त्याच्या पहिल्याच प्रार्थनेत येते : मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने पाप केले आहे. कामाच्या आधी, परवान्याच्या आधी, योजनेच्या आधी.

पण खरा नमुना पाचव्या अध्यायात आहे. भिंतीचे काम चालू असताना गरीब लोक ओरडत येतात. शेते गहाण, द्राक्षमळे गहाण, राजाचा कर भरायला कर्ज, मुलीबाळी दासी झालेल्या, आणि सावकार कोण तर आपलेच भाऊबंद. नहेम्या संतापतो. मग आधी मनाशी विचार करतो, आणि मोठी सभा बोलावून सरदारांना धारेवर धरतो. इथवर तो शलमोनासारखाच न्यायाधीश आहे. पण दहाव्या वचनात तो म्हणतो : मी, माझे भाऊ आणि माझे चाकर, आम्हीही यांना पैसा आणि धान्य कर्जाने दिले आहे. हे आपण सोडून देऊ. आम्हीही! भर सभेत, ज्यांना झाडले त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी सरदारांनी शेते परत केली ती त्याच्या अधिकारामुळे केली, की त्या एका कबुलीमुळे, हे तुम्ही ठरवा. माझे मत तुम्हाला कळलेच असेल. पुढे बारा वर्षे त्याने सुभेदाराचा भत्ता घेतला नाही.

आणि शेवटच्या अध्यायात, परकी लग्ने आणि त्यांच्याबरोबर येणारी भाषा व दैवते पाहून, हाच नहेम्या शलमोनाचे नाव घेतो. म्हणतो, त्याच्यासारखा राजा पुष्कळ राष्ट्रांत नव्हता, तो आपल्या देवाचा लाडका होता, तरी त्यालाही पाप करायला लावलेच ना. त्या वेळी नहेम्याने लोकांचे केस उपटले वगैरे, त्याचे समर्थन मी करत नाही. पण शलमोन देवाला प्रिय होता आणि तरीही पडला, ही दोन्ही वाक्ये एकत्र धरून ठेवणारा माणूस मला तोच दिसतो.

मघाशी चहाच्या वेळी एका भगिनीने विचारले की परक्या दैवतांमागे गेलेला शलमोन शेवटी देवाकडे परतला का. उपदेशक हे त्याचे म्हातारपणीचे पुस्तक, म्हणून परतला, असे परंपरेने मानणारे आहेत. राजांचे पुस्तक मात्र याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. कमोश, मिलकोम आणि अष्टोरेथ या परक्या दैवतांसाठी यरुशलेमाच्या पूर्वेच्या डोंगरावर त्याने बांधलेली उच्च स्थाने योशीया राजाने भ्रष्ट केली ती तीनशे वर्षांनी. मिलकोम अम्मोन्यांचा. नामेने ते मागितले होते असे शास्त्र सांगत नाही, आणि मीही सांगणार नाही.

दुसरा प्रश्न एका तरुण सेक्रेटरीचा होता, चिठ्ठीवर, नाव न घालता : तडजोड झालेली आहे, मग राजीनामा द्यावा का? शलमोनाला देवाने गिबोनला पायउतार व्हायला सांगितले नाही, नहेम्यानेही सुभेदारी सोडली नाही, धान्य सोडले. चिठ्ठी लिहिणाऱ्याने रात्री मला भेटावे. वाटल्यास मला भेटू नये, पण ज्याला भेटेल तो त्याच्या हाताखालचा माणूस नसावा आणि त्याच्यावर उपकार असलेलाही नसावा. असा एकही माणूस आठवत नसेल तर आधी त्याबद्दल बोलू.

आता गटचर्चा. १ राजे ३:६ ते ९ आणि नहेम्या १:५ ते ११ ही दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवून वाचा. प्रत्येक गटाने काय सापडले ते एका कागदावर लिहून आणा. आणि एक विनंती : पाळक आणि त्यांच्याच मंडळीचे विश्वस्त एका गटात बसू नका. खिडकीकडचा गट आधीच तसा बसलेला दिसतो आहे, त्यांनी उठावे.